सँडरची वायर मानेतच का तुटते?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातल्या पुनरुक्ती कमी केल्या आहेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

मागच्या भागात आपण पॉलिश पेपरचे नंबर आणि कुठल्या लाकडाला कुठला पेपर, यावर बोललो. आजचा विषय त्याच मशीनचा आहे, पण पेपरच्या दुसऱ्या टोकाचा. सँडरच्या मागून जी वायर बाहेर येते ना, तिच्याबद्दल.

आधी एक काम करा. तुम्ही आत्ता वर्कशॉपमध्ये असाल तर सँडर उचला. पिन टॉप बोर्डातून काढा आणि मग वायर मशीनमध्ये जिथे शिरते ती जागा बघा. तिथे काळी टेप गुंडाळलेली आहे का? असेल तर ते मशीन बाजूला ठेवा आणि आजचा भाग पूर्ण ऐका. मी हे गमतीने सांगत नाहीये. त्या टेपखाली काय असतं, ते मी माझ्या वर्कशॉपमध्ये बघितलंय.

जुलैमधली ती दुपार

माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. सात सँडर आहेत, सगळे पाच इंची गोल. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत त्यातले तीन-चार तरी चालूच असतात. जुलैचे दिवस, बाहेर धो धो पाऊस. दारातून पाणी आत आलेलं, फरशी ओली. एक हेल्पर, एकोणीस वर्षांचा पोरगा, टेबलाच्या फळीवर सँडर मारत होता. फळीच्या कडेला वायर अडकायला लागली म्हणून त्याने डाव्या हाताने वायर मानेजवळ धरून वर उचलली. आणि तो तसाच राहिला. ओरडला नाही, हात सोडला नाही. आमच्याकडचे एक जुने मिस्त्री समोरच होते. त्यांच्या लक्षात आलं. ते पोराकडे धावले नाहीत, बोर्डाकडे धावले. बटण बंद केलं. पोरगा खाली बसला.

त्याला लगेच दवाखान्यात नेलं, ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं. तो वाचला. आजही माझ्याकडेच आहे, आता चांगला पॉलिशवाला झालाय. पण दवाखान्यात तो मला जे म्हणाला ते मी विसरलो नाही. मी विचारलं, "अरे, वायर खराब झालीये हे माहीत होतं ना तुला? सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "शेठ, पैसे कापाल म्हणून."

आता हे ऐका. नियम माझाच होता. ज्याच्या हातात वायर तुटली त्याच्या पगारातून दोनशे रुपये कापायचे. मला वाटायचं, पोरं निष्काळजी आहेत, वायर ओढतात, मशीन वायरला धरून उचलतात. पैसे कापले की जपतील. जपली नाहीत. त्यांनी टेप लावायला सुरुवात केली. त्या दिवशी संध्याकाळी मी सातही मशीन टेबलावर मांडली आणि टेप सोलल्या. पाचांना टेप होती. तीन मशीनमध्ये टेपखाली तांबं उघडं होतं.

म्हणून आजचा भाग. यात वायर का तुटते, कशी ओळखायची, कशी बदलायची हे सगळं सांगणार आहे. पण शेवटी मी त्या नियमाकडे परत येणार आहे, कारण माझ्या मते खरा बिघाड तिथे होता.

वायर जळत नाही, वाकून मरते

पहिला गैरसमज. लोक म्हणतात, लोड जास्त झाला म्हणून वायर गेली. सँडरच्या बाबतीत हे बहुतेक वेळा खरं नसतं. हिशोब करू. पाच इंची सँडर साधारण ३०० वॅटचा. आपल्याकडे २३० व्होल्ट. ३०० भागिले २३०, म्हणजे १.३ अँपिअर. त्याला जी ०.७५ चौरस मिलिमीटरची कॉर्ड लावलेली असते ती ६ अँपिअरपर्यंत चालते. म्हणजे करंटच्या मानाने ती वायर चौपट दणकट आहे. मोठा बेल्ट सँडर घेतला, १००० वॅटचा, तरी साडेचार अँपिअरच्या आत.

मग मरते कशाने? वाकण्याने. त्या ०.७५ च्या कॉर्डमध्ये प्रत्येक वायरीत तांब्याच्या २४ बारीक तारा असतात, एकेक तार ०.२ मिलिमीटरची. लोखंडी तार हाताने पुढे-मागे वाकवून आपण तोडतो ना, तसंच इथे चालू असतं, फक्त हळू. तांबं पुन्हा पुन्हा वाकलं की कडक होतं, कडक झालं की चिरतं.

आता किती वेळा वाकतं ते बघा. सँडर मारताना हात मिनिटाला समजा ४० वेळा पुढे-मागे होतो. दिवसात प्रत्यक्ष चार तास मशीन हातात आहे असं धरा. ४० गुणिले ६० गुणिले ४, म्हणजे ९६०० वेळा. एका दिवसात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सत्तावन्न हजारांच्या वर. घरातल्या मिक्सरची वायर वर्षानुवर्षं टिकते, कारण ती ओट्यावर पडून असते. सँडरची वायर दिवसभर नाचत असते. वर मशीनची थरथर असते ती वेगळीच.

आणि हे सगळं वाकणं एकाच जागी होतं. मशीनच्या आत वायर पट्टीने आवळलेली असते, तिथे ती हलू शकत नाही. बाहेर ती मोकळी असते. हललेलं आणि न हललेलं जिथे भेटतं, ती मान. म्हणून कंपनी तिथे रबराची शेपटी देते, तिला बाजारात कॉर्ड गार्ड किंवा स्लीव्ह म्हणतात. तिचं काम एकच: वायरला एका बिंदूत वाकू द्यायचं नाही, तो वाक लांब गोलाईत पसरवायचा. म्हणून ती मशीनकडे जाड आणि शेवटाकडे बारीक असते. ही शेपटी मशीनच्या बाहेर वायरच्या जाडीच्या निदान पाचपट लांब हवी. वायर सात मिलिमीटर जाड असेल तर पस्तीस मिलिमीटर. आमच्याकडे त्या पाच मशीनपैकी दोघांची शेपटी गायबच होती. फाटली म्हणून कुणीतरी कापून टाकली होती.

तारा तुटतात त्या एकदम नाही. आधी बाहेरच्या दोन-चार, मग आणखी. २४ पैकी पाच उरल्या तरी मशीन चालतं, तुम्हाला कळतही नाही. पण सगळा करंट आता त्या पाचांतून जातोय, ती जागा तापते. शेवटची तार तुटली की टोकं एकमेकांना लागतात, सुटतात, लागतात, सुटतात, आणि दर वेळी आत ठिणगी पडते. त्या ठिणगीने प्लास्टिक जळतं, काळं होतं. तुटलेल्या तारांची टोकं सुईसारखी असतात. ती आतून प्लास्टिकला भोकं पाडतात.

आणि आपल्या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या खोलीत सँडर चालतो त्याच खोलीत, नाहीतर शेजारी, सीलर आणि थिनरचं काम चाललेलं असतं. थिनरची वाफ आणि ठिणगी. पुढचं मी सांगायला नको.

मशीन आधी सांगतं

वायर अचानक गेली असं आपण म्हणतो. अचानक जात नाही. ती सांगत असते.

पहिली खूण: मशीन मध्येच क्षणभर अडखळतं आणि पुन्हा चालू होतं. कारागीर काय करतो? मनगटाला एक झटका देतो, वायर एका बाजूला दाबून धरतो, मशीन चालतं. ज्याला "ट्रिक माहितीये" तोच ते मशीन वापरतो. आमच्याकडे असं एक मशीन होतं, ते एकाच माणसाकडे चालायचं. आम्ही त्याचं कौतुक करायचो!

दुसरी खूण: मान गरम लागते. दहा मिनिटं चालवून मशीन बंद करा, पिन टॉप काढा, मग मानेजवळची वायर बोटांनी दाबून बघा आणि दोन फूट लांबची वायर दाबून बघा. मानेची जास्त गरम असेल तर आत तारा तुटल्यात. तसंच पिन टॉप गरम लागत असेल तर तिथला स्क्रू सैल आहे.

तिसरी: वायर बोटांत घेऊन हळूहळू वाकवत जा. चांगली वायर सगळीकडे सारखी वाकते. आतून तुटलेली वायर एका जागी मऊ पडते, मोडलेल्या शेंगेसारखी. चौथी: बाहेरच्या आवरणाला चीर, फुगवटा किंवा चकाकी, नाहीतर जळक्या प्लास्टिकचा वास.

खात्री करायची असेल तर मल्टिमीटर घ्या. पिन टॉप बोर्डाबाहेर, मशीनचं बटण चालूच्या बाजूला. मीटरच्या दोन काड्या दोन पिनांना लावा. साध्या मशीनला मोटरच्या गुंडाळीचे काही ओहम दिसतील. आता दुसऱ्याला वायर मानेपासून टॉपपर्यंत हळूहळू हलवायला सांगा. आकडा उडाला की जागा सापडली. आकडा सुरुवातीपासूनच येत नसेल तर वायरला दोष देण्याआधी कार्बन बघा. कार्बन झिजून संपला तरी मशीन असंच बंद पडतं. आणि वेग कमी-जास्त करायचं चाक असलेल्या मशीनमध्ये मध्ये इलेक्ट्रॉनिक पाटी असते, तिथे ही परीक्षा फसू शकते. मग मशीन उघडून नुसती वायर तपासायची.

हे करू नका

टेप मारू नका. टेपने तुटलेल्या तारा जुळत नाहीत. टेप फक्त ते तुटलेपण झाकते. वरून घाम, लाकडाची धूळ, पावसाळी हवा. टेपचा डिंक सुटतो, ती सरकते, आणि हात नेमका तिथेच जातो.

वायरच्या मध्यात पिळा मारून जॉइंट करू नका. हलत्या वायरला जॉइंट म्हणजे नवी मान.

मान तुटली म्हणून वायर थोडी कापून आत सरकवली आणि शेपटी फेकून दिली, हेही करू नका. पंधरा दिवसांत परत तिथेच तुटणार.

आणि पिन टॉप तुटला म्हणून उघड्या तारा बोर्डात खुपसून काडेपेटीच्या काड्या खोचणं. हसू नका. साइटवर जाऊन बघा, आजही चालतं.

वायर बदलायची कशी

मशीन वॉरंटीत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटरला द्या. हाताला सवय नसेल तर चांगल्या वायरमनकडे द्या, कमीपणा काही नाही. आम्हाला हे काम आमच्या गल्लीतल्या एका रिपेअरवाल्यांनी शिकवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांचा पहिला नियम: पिन टॉप बोर्डातून काढायचा आणि ज्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर आहे त्याच्या मांडीवर ठेवायचा. नजरेआड ठेवायचा नाही. कुणीतरी येऊन लावतो.

मग मशीनचे स्क्रू काढा. बहुतेक मशीनना चांदणीच्या खाचेचे स्क्रू असतात, तसाच पाना वापरा, नाहीतर खाच गोल होते. झाकण उचलल्यावर कशालाही हात लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर स्विचच्या कुठल्या टोकाला, छोटा कपॅसिटर असेल तर त्याच्या तारा कुठे, वायरी कुठल्या खाचेतून फिरवल्यात. हे सगळं फोटोत दिसलं पाहिजे.

बाकीची वायर चांगली असेल तर पूर्ण बदलायची गरज नाही. खराब जागेच्या पुढे निदान सहा इंच सोडून कापा. कापलेल्या टोकात तांबं बघा. लालसर, चकचकीत पाहिजे. काळपट असेल तर आणखी कापा. तरी काळंच असेल तर ती वायर रद्द.

नवी घेत असाल तर दोन गोष्टी. एक, जुन्या वायरीत दोन कोअर होत्या की तीन, ते बघा. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनचं मशीन, त्याला अर्थिंग लागत नाही, दोन कोअर असतात. ती खूण नसेल आणि तीन कोअर असतील, तर तीनच लावायच्या. हिरवी वायर "नाही जोडली तरी चालतं" असं म्हणणारा माणूस दिसला तर त्याच्या हातून मशीन काढून घ्या. मशीन चालतंच हो. अर्थिंग मशीन चालायला नसतंच, माणूस वाचायला असतं.

दुसरं, रोज सहा-आठ तास चालणाऱ्या मशीनला रबराची कॉर्ड लावा. पीव्हीसीची वायर घेतलीत तर आयएस ६९४ चा शिक्का असलेली घ्या. पण पीव्हीसी जुनी झाली की कडक होते, रबर मऊ राहतं आणि वाक सहन करतं. थोडी महाग पडते. आणि फार जाड घेऊ नका. जाड वायर मनगटाला ओढते, आतल्या पट्टीत बसत नाही. ३०० वॅटला ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटर पुरते.

आता जोडणी. सगळ्यात आधी शेपटी वायरमध्ये ओवा. हे सगळे विसरतात. पूर्ण जोडून झाल्यावर शेपटी टेबलावर पडलेली दिसते आणि मग माणूस म्हणतो, जाऊ दे. जाऊ द्यायचं नाही.

बाहेरचं आवरण दीड-दोन इंच सोला, आतल्या वायरींच्या प्लास्टिकला ब्लेड लागू देऊ नका. टोकं सहा ते आठ मिलिमीटर सोलून तारा पिळा. एकही तार सुटी राहता कामा नये. स्क्रूच्या टर्मिनलला लावायची असेल तर टोकाला योग्य मापाचं लग दाबून बसवा. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो. शिवाय जिथे सोल्डर संपतं तिथे तार एकदम कडक ते एकदम मऊ होते, आणि तिथेच तुटते. पुन्हा तीच मानेची गोष्ट, छोट्या प्रमाणात.

आतली पट्टी वायरच्या बाहेरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे. आतल्या बारीक वायरींवर नाही. आवरण पट्टीच्या आत चार-पाच मिलिमीटर दिसलं पाहिजे. पट्टी आवळून वायर बाहेरून चांगली ओढून बघा. जरासुद्धा सरकली तर पुन्हा करा. वायरी त्यांच्या खाचेत बसवा, पंख्याला किंवा आर्मेचरला लागू नयेत, झाकणाखाली चिरडू नयेत. तीन पिनचा टॉप लावताना हिरवी वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. उद्या कुणी हिसका दिला तर ती सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे.

झाकण लावलं की लगेच चालू करू नका. मीटर लावून वायर हलवा, आकडा स्थिर राहिला पाहिजे. मेगर असेल तर ५०० व्होल्टवर, मशीनचं बटण चालू ठेवून, दोन्ही पिना एकत्र आणि मशीनचा उघडा धातूचा भाग यांच्यामध्ये तपासा. मेगर नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

मान कमी वाकेल असं काम करा

वायर बदलली की काम संपलं असं नाही. तीच सवय राहिली तर तीच मान तुटणार.

आम्ही पॉलिशच्या टेबलावर छतातून हुक सोडलेत. हुकाला लवचिक दोरी, दोरीत वायर. वायर वरून येते, फळीच्या कडेला घासत नाही, मनगटावर तिचं वजन येत नाही. ज्या दिवशी हे केलं त्या दिवशी कारागीर म्हणाले, हे आधी का नाही केलं. साइटवर हुक नसतो, तिथे वायर खांद्यावरून मागे सोडायची. धूळ ओढायचा पाइप लावत असाल तर वायर त्या पाइपालाच दर दीड फुटावर पट्टीने बांधा. पाइप जाड असतो, तो वायरला तीक्ष्ण वाक घेऊ देत नाही.

काम संपल्यावर वायर मशीनभोवती घट्ट गुंडाळायची सवय सगळ्यांनाच असते. त्याने मान रात्रभर काटकोनात वाकून राहते. वायरची सैल वेटोळी वेगळी करा, मानेजवळ मोठा वळसा मोकळा सोडा. मशीन वायरला धरून उचलू नका, पिन टॉप वायर ओढून काढू नका.

आणखी एक उपाय आहे. मशीनची वायर हातभर ठेवायची, तिच्या टोकाला टॉप लावायचा आणि पुढे चांगल्या रबरी वायरीचं एक्स्टेंशन. मान तुटली तर हातभर तुकडा बदलला की झालं. कुणाचा पाय अडकला तर जोड सुटतो, मानेला हिसका बसत नाही. जर्मनीच्या फेस्टूल कंपनीच्या बऱ्याच मशीनना अशी काढता-घालता येणारी कॉर्ड कारखान्यातूनच येते, तिला ते प्लग-इट म्हणतात. आपण साधं करताना एक लक्षात ठेवा: करंट जिकडून येतो त्या बाजूला नेहमी सॉकेट, म्हणजे भोकं. पिना नेहमी मशीनच्या बाजूला. उलटं केलंत तर उघड्या पिनांत करंट राहील.

एमसीबी पडला का नाही?

त्या दिवशी आमचा एमसीबी पडला नाही. मला वाटलं तो खराब आहे. तो एकदम चांगला होता. ओल्या अंगाचा अडथळा साधारण १००० ओहम धरा. २३० भागिले १०००, म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीला हे जाणवतच नाही. एमसीबी वायरला आगीपासून वाचवतो. माणसाला शॉकपासून तो वाचवत नाही.

माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. तो फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत तोलत असतो. फरक पडला, म्हणजे काही करंट दुसरीकडून, कदाचित एखाद्याच्या अंगातून, जमिनीत जातोय, की तो पुरवठा तोडतो. ३० मिलिअँपिअरला जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदात, गळती त्याच्या पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदात. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा. साइटवर काम करणाऱ्यांनी आरसीसीबी बसवलेला एक्स्टेंशन बोर्ड सोबत न्यावा. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलात तर त्याला फरक कळत नाही. आणि तो एमसीबीच्या जागी नाही, एमसीबीच्या जोडीला लावायचा.

तरी शॉक लागलाच, तर आमच्या मिस्त्रींनी केलं तेच करा. आधी बटण बंद. माणसाला हात लावू नका. बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. आणि माणूस उठून "काही झालं नाही" म्हणाला तरी दवाखान्यात न्या.

तो दोनशे रुपयांचा नियम

आता शेवटचं. मी पैसे कापायचं बंद केलं. त्याच आठवड्यात. सगळ्यांना बोलावून सांगितलं की वायर ही पॉलिश पेपरसारखी आहे. पेपर झिजला म्हणून मी कुणाचे पैसे कापतो का? नाही. दिवसाला हजारो वेळा वाकणारी वायर झिजणारच. ज्याला आधी कळेल त्याने आधी सांगायचं. भिंतीवर एक खिळा ठोकलाय, त्याला लाल फडकी लटकवलीत. मशीन अडखळलं की फडकं बांधून ते वेगळ्या फळीवर ठेवायचं, दुसरं घ्यायचं. कपाटात दोन कॉर्ड आणि चार शेपट्या तयार असतात. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं सगळी मशीन वाकवून, दाबून बघायची आणि वहीत तारीख टाकायची. ही पंधरा मिनिटं पगारी आहेत, हेही सांगितलं.

पहिल्या महिन्यात चार मशीनना लाल फडकं लागलं. माझ्या मनात आलं, अरे, खर्च वाढला की. मग वही बघितली तेव्हा कळलं, बिघाड वाढले नव्हते. आधी ते टेपखाली होते, आता वहीत आले होते. वायरी अजूनही तुटतात, तुटत राहणार. फरक एवढाच की आता मला दवाखान्यात जाऊन कळत नाही.

तो पोरगा आता सोमवारची तपासणी करतो. मागच्या आठवड्यात त्याने माझ्या हातातलं मशीन काढून घेतलं. म्हणाला, "शेठ, मान गरम आहे, ठेवा खाली." ठेवलं.

तुमच्याकडे काय पद्धत आहे ते मला नक्की कळवा. पगारातून कापायचा नियम असेल तर तेही कळवा, नाव घेणार नाही. पुढच्या भागात कार्बन आणि आर्मेचर: मशीनच्या आत निळ्या ठिणग्या दिसायला लागल्या तर काय समजायचं. तोपर्यंत टेप सोला आणि खाली काय आहे ते बघा. भेटूया. नमस्कार.